पंचमच्या बाटल्या आणि आमचं पोस्टर

नागपुरात शनिवारी-रविवारी संध्याकाळी बाहेर पडलं, की कुठल्या ना कुठल्या सभागृहात कुणीतरी रफी, किशोर नाहीतर मुकेश होऊन गात असतं. ३१ जुलै रफी, ४ ऑगस्ट किशोर, २७ ऑगस्ट मुकेश. कालनिर्णय न बघता नुसत्या बॅनरवरून तारीख सांगता येते. मी बँकेत नोकरी करतो आणि वीस-बावीस वर्षांपासून असल्या कार्यक्रमांत की-बोर्ड वाजवतो. दुसऱ्याच्या कार्यक्रमात जायचं, वाजवायचं, पाकीट घ्यायचं, वाटेत कुठेतरी तर्री-पोहे खायचे, घरी. स्वतः कार्यक्रम उभा करायची खाज गेल्या वर्षी सुटली. २७ जून हा राहुलदेव बर्मन, म्हणजे पंचम, यांचा वाढदिवस. त्या दिवशी आपला कार्यक्रम, तिकीट लावून, आणि ट्रॅकवर नाही, सगळंच्या सगळं हाताने वाजवून करायचा, असं आम्ही सहा जणांनी फेब्रुवारीत ठरवलं.

ट्रॅकचं हे मुद्दाम सांगतो, कारण आता बहुतेक ठिकाणी तोच मामला आहे. मायनस ट्रॅक, म्हणजे गायकाचा आवाज वगळून तयार केलेलं संगीत, पेन ड्राइव्हमध्ये, गायक स्वतःच गाण्यामागे वर्गणी भरतो, समोर त्याचीच भाची, मेहुणी आणि सोसायटीतले लोक. मला त्यात वाईट काही दिसत नाही. साठीतला माणूस कोट घालून स्टेजवर उभा राहतो, अंतऱ्याला घाबरतो, तरी गातो, आणि त्या रात्री त्याचे गुडघे जरा कमी दुखतात. पण त्या पेन ड्राइव्हने आमच्या सॅक्सोफोनवाल्या काकांचं काम खाल्लं, हेही खरंच. काका रेल्वेतून निवृत्त. ऐंशीच्या दशकात ऑर्केस्ट्रात वाजवायचे, तेव्हा महिन्याला दहा-बारा कार्यक्रम असत. आता वर्षाला तीन-चार.

सभागृहाची तारीख, अनामत रक्कम, पोलीस ठाण्यातला अर्ज हे सगळं चार चकरांत झालं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. फक्त फोटोकॉपी तीन प्रती जास्तच न्याव्यात.

गाण्यांच्या लायसनचं मात्र सांगतो, कारण आपल्याकडे निम्म्या आयोजकांना ते भरावं लागतं हेच माहीत नसतं. हौशी मंडळाने फुकट कार्यक्रम केला तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सूट आहे. तिकीट लावलं की ती सूट गेली. मग आयपीआरएसकडे जावं लागतं. ही १९६९ सालची संस्था गीतकार, संगीतकार आणि म्युझिक कंपन्यांच्या वतीने पैसे गोळा करते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला आपला रॉयल्टीचा हक्क कंपनीला लिहून देता येत नाही, त्यामुळे आम्ही भरलेल्या पैशांतून मजरूह किंवा आनंद बक्षींच्या घरी चार पैसे जात असतील, अशी माझी समजूत. भरताना खिसा दुखला, मन नाही.

पण रात्री बसून चोवीस गाण्यांची यादी करत होतो, गाण्यासमोर गीतकार, संगीतकार लिहीत होतो, तेव्हा एक गोष्ट खटकली. आम्ही दोन महिने घासत होतो ते काय? चाल तर पहिल्या दिवशीच येते. घासत होतो ते सुरुवातीचे पीसेस, मधलं म्युझिक, ठेक्यातली वळणं. टाळ्याही त्यालाच पडतात. गिटारचे पहिले चार सूर वाजले, की हॉल ‘आहा’ करतो, गायकाने तोंड उघडायच्या आधी. आणि ते सूर वाजवणारा माणूस या यादीत कुठेच नव्हता.

आता बाटल्या. ‘शोले’तल्या ‘महबूबा’ गाण्यात तो जो घुमणारा आवाज आहे, तो पंचमच्या माणसांनी बाटल्यांच्या तोंडावर फुंकर घालून काढला होता. की-बोर्डवर तो आवाज मला काढता येतो, नव्वद टक्के जुळतोही. पण आमच्या ऑक्टोपॅड या इलेक्ट्रॉनिक तालवाद्यावरच्या पोराने हट्ट धरला. हा पोरगा धुमालमध्ये वाजवतो. लग्नाच्या वरातीत गाडीवर उभं राहून, कानाशी भोंगा, अशात सलग तीन तास ठेका न सोडणारी ही जात. नोटेशन वाचता येत नाही, पण एकदा ऐकलं की हातात बसतं. म्हणाला, "सर, ओरिजिनल बाटल्या आणून राहिलो मी. तुम्ही फक्त सूर सांगा."

तीन बाटल्या आल्या. रिकाम्या होत्या, तरी बायकोने विचारलंच, "अहो, ह्या कोणी रिकाम्या केल्या?" पाणी जास्त भरलं की आतली हवा कमी, सूर वर. लहान मुलांना औषध पाजायची पाच मिलीची सिरिंज घेऊन आम्ही थेंबाथेंबाने सूर लावला आणि पाण्याच्या पातळीवर नेलपॉलिशची रेघ ओढली. दोन दुपारी यात गेल्या. पण त्या दोन दुपारींत मला जे कळलं, ते वीस वर्षं की-बोर्डची कळ दाबून कळलं नव्हतं. बाटलीचा आवाज लगेच येत नाही. फुंकर घातल्यावर किंचित उशिराने तो उभा राहतो, म्हणून ठेक्याच्या जरा आधीच फुंकावं लागतं. गाण्यातला तो आळस, ते डुलणं, याच उशिरातून आलेलं असणार. नक्कल केल्याशिवाय हे कळायला दुसरा रस्ता नाही.

हेच मी माझ्या भाच्याला पटवत होतो. तो गिटार वाजवतो, स्वतःची वऱ्हाडी गाणी करतो, आणि आमच्याबरोबर फक्त मामाच्या शब्दाखातर होता. तालमीच्या मधल्या चहाला म्हणाला, "मामा, शहरातले सगळे हॉल, सगळे शनिवार-रविवार तुमच्या या जुन्या गाण्यांनी अडवून ठेवले. आमचं नवीन कोण ऐकणार?"

मी त्याला सैगल ऐकवला. १९४५ च्या ‘पहली नज़र’मध्ये मुकेश किती सैगलसारखा गायला आहे. १९४८ च्या ‘ज़िद्दी’त किशोरही तसाच. सोनू निगम रफीची गाणी गाऊन वर आला, कुमार सानू किशोरची. आपल्याच नागपुरात शंकरराव सप्रे गुरुजींसमोर बसून वसंतराव देशपांडे शिकले आणि सी. रामचंद्रही शिकले. गुरूची नक्कल करतच शिकले असतील, आणि पुढे एक कुठल्या कुठे गेला, दुसरा कुठल्या कुठे. भाच्याने माझ्या बाजूने एक उदाहरण स्वतःच दिलं. जुडास प्रीस्ट या इंग्लंडच्या मेटल बँडचा गायक सोडून गेला, तेव्हा १९९६ साली त्यांनी नवा गायक घेतला तो त्यांचीच गाणी वाजवणाऱ्या अमेरिकेतल्या एका बँडमधून, टिम ओवेन्स नावाचा. मी खूश झालो. मग म्हणाला, "पण मामा, मुकेशनं सैगल सोडला, किशोरनंही सोडला. तुम्ही कधी सोडून राहिले?"

चहा संपला होता. तालीम सुरू केली.

त्याचं एक गाणं मध्यंतरानंतर घेऊ, असं मी मनात ठरवलं होतं. बाकीच्यांनी नको म्हटलं. लोक पंचमचं तिकीट काढून येणार, मध्येच हे काय? मलाही ते पटलं, किंवा पटवून घेतलं.

आणि तिथेच प्रायोजकाची गोष्ट सांगावी लागते. एका बांधकाम व्यावसायिकाने पन्नास हजार कबूल केले. अट एकच, दोन गाणी ते स्वतः म्हणणार. तालमीला एकदाही आले नाहीत. कार्यक्रमाच्या चार दिवस आधी गाणी कळवली, त्यातलं एक पंचमचं नव्हतंच, शंकर-जयकिशनचं होतं. तरी घेतलं. म्हणजे पंचमच्या कार्यक्रमात जागा शंकर-जयकिशनना मिळाली, प्रायोजकाला मिळाली, भाच्याला नाही. तो काही बोलला नाही. ते जास्त लागलं.

तिकीटविक्रीवर लिहायला बसलो तर वेगळा लेख होईल. नागपूरकर माणूस दिलदार आहे, दोनशे रुपयांच्या तिकिटाऐवजी तुम्हाला पाचशेचं जेवण खाऊ घालेल. पण तिकीट काढणार नाही. "भाऊ, पास आहेत का चार?" बँकेतल्या साहेबापासून आमच्या दूधवाल्यापर्यंत सगळ्यांचा एकच प्रश्न. शेवटी ३११ तिकिटं खपली. त्यातली शंभर तरी भिडेखातर.

२७ जूनला बाहेर दमट उकाडा, दुपारी घरी शेवटची तालीम केली तेव्हा खोलीत छत्तीस डिग्री. तिथे बाटल्या पुन्हा तपासल्या, अगदी सुरात. संध्याकाळी हॉलमध्ये एसी बावीसवर. साउंड चेकला बाटली फुंकली, आणि सूर चक्क खाली. की-बोर्डवरच्या शेजारच्या काळी-पांढरीच्या अंतराच्या जवळपास निम्म्याने. थंड हवेत आवाजाचा वेग कमी होतो, हे शाळेत शिकलो होतो, पण ते असं अंगावर येईल असं वाटलं नव्हतं. त्यात गिटारच्या तारा थंडीने आकसून वर चढलेल्या. म्हणजे बाटल्या खाली, गिटार वर, आणि मध्ये माझा की-बोर्ड, ज्याला थंडी-उन्हाचं काहीच नाही. सिरिंज घरी राहिली होती. धुमालवाल्या पोराने कँटीनमधून चमचा आणला आणि विंगेत उकिडवं बसून, कानात बोट घालून, चमचा-चमचा पाणी ओतत सूर लावला. पडदा उघडायला सात मिनिटं होती.

कार्यक्रम बरा झाला. आमच्या किशोरने दोनदा शब्द चुकवले, प्रायोजकांनी एकाच गाण्यात दोन पट्ट्या लावल्या, तरी बरा झाला. बाटल्यांना टाळी पडली. पोराने बाटली डोक्यावर उचलून दाखवली, त्याला दुसरी पडली.

त्या लायसनच्या रात्री जे खटकलं होतं, त्यावर मी एक उपाय केला होता. निवेदिकेला यादी दिली होती. गाण्याआधी मूळ वादकाचं नाव सांगायचं. सॅक्सोफोनला मनोहारी सिंग, ‘चुरा लिया’च्या सुरुवातीच्या गिटारला भूपिंदर सिंग, मादल या नेपाळी तालवाद्याला रणजित गझमेर, शोलेतल्या माउथ ऑर्गनला भानू गुप्ता, तालाच्या सगळ्या कारभाराला मारुतीराव कीर. पहिल्या दोन नावांना लोक गप्प बसले. तिसऱ्या नावाला मागून आवाज आला, "गाणं घ्या ना आता, बाप्पा!" हॉल हसला. निवेदिकेने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, तिने पुढची नावं वाचली. मध्यंतरात एक आजोबा विंगेत आले आणि कागदावर ती नावं लिहून घेऊन गेले. एकच माणूस, पण आला.

रात्री सामान गाडीत भरताना काका सॅक्सोफोनची पेटी बंद करत होते. दोन गाण्यांत त्यांनी जीव ओतला होता, एका पीसला वन्स मोअर आला होता. मी म्हटलं, "काका, आज मनोहारीदा ऐकायला हवे होते."

"त्यांचं नाव चांगलं घेतलं तुम्ही," काका म्हणाले. "माझं राहिलं."

मला आधी कळलंच नाही. मग पोस्टर आठवलं. मध्ये पंचम, खाली डावीकडे प्रायोजक, जवळपास पंचमएवढेच. सहा गायकांचे गोल फोटो. ‘संगीत संयोजन’ म्हणून माझं नाव, फोटोसकट. आणि शेवटी बारीक अक्षरात, ‘व वाद्यवृंद’. निवेदिकेच्या कागदावरही मुंबईच्या वादकांची नावं मी आठवून आठवून लिहिली होती, आणि माझ्या उजव्या हाताला बसलेल्या माणसाचं नाव लिहायचं सुचलं नव्हतं. धुमालवाल्या पोराचंही नव्हतं. तो तेव्हा बाटल्यांतलं पाणी हॉलच्या कुंड्यांना घालत होता.

हिशेब असा झाला. खर्च १ लाख ४२ हजार, तिकिटांचे ७४, प्रायोजकांचे ५०. सहा जणांत माणशी तीन हजार तोटा. काका आणि पोराचं पाकीट पूर्ण दिलं, ते तोट्यात धरले नाहीत.

या वर्षीचं पोस्टर मी स्वतः बनवलंय. सातही वादकांची नावं, वाद्यासकट, गायकांच्याच अक्षरात. मध्यंतरानंतर भाच्याचं एक गाणं, वऱ्हाडी, त्याचं नाव घालून. हे सगळं बसवताना खालच्या डाव्या कोपऱ्यातला फोटो अंगठ्याच्या नखाएवढा झाला आहे. प्रायोजकांना परवा ते पोस्टर व्हॉट्सॲपवर पाठवलं. निळ्या टिका आल्या. मग तासाभराने त्यांचा निरोप आला. पोस्टरबद्दल अवाक्षर नाही. या वर्षी त्यांना तीन गाणी हवी आहेत.