थर्माकोलचा खडक

घोरपडीच्या विष्ठेत थर्माकोलचे पांढरे मणी दिसताहेत, असा फोन आला तेव्हाच भिंतीची काय गत झाली असेल ते माझ्या लक्षात आलं. मोठ्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पिंजऱ्यांसाठी कृत्रिम खडकांच्या भिंती बनवणं हा माझा व्यवसाय. ही भिंत मात्र दुसऱ्या कुणीतरी करून दिलेली होती.

प्राणी होता ब्लॅक-थ्रोट मॉनिटर, आफ्रिकेतली धिप्पाड घोरपड. ही चढते, उकरते आणि सगळं वजन पुढच्या नखांवर टाकून स्वतःला वर ओढते. पशुवैद्यांनी काढलेल्या एक्स-रेत काही आढळलं नव्हतं. थर्माकोलमध्ये बहुतेक हवाच, तो एक्स-रेत सहज उमटत नाही. मी मालकांना म्हटलं, भिंत आजच काढू.

घोरपड दुसरीकडे हलवली आणि पटाशीने उचकटायला घेतलं. कोरलेल्या थर्माकोलवर टाइल ग्राउटचे, म्हणजे फरशीच्या सांध्यांत भरतात त्या सिमेंटी लेपाचे, पातळ हात, वर रंग. काम देखणं होतं, यात शंका नाही. सपाट भागावर ग्राउट शाबूतही होता. फुटला होता तो कपारींच्या कडांवर, जिथे नखं रुततात नेमका तिथेच. आतला थर्माकोल दबतो, वरचा कडक थर दबत नाही, मग तो अंड्याच्या कवचासारखा तडकतो. एकदा फट पडली की पुढचं काम घोरपडच करते.

शेकायच्या दिव्याखाली तर थर्माकोल आकसून मागे पोकळी झाली होती. खाद्य म्हणून सोडलेली झुरळं तिथे नांदत होती. या घोरपडींना शेकायला ५५ ते ६० अंश सेल्सिअस तापलेली जागा लागते. थर्माकोल उष्णता पलीकडे जाऊ देत नाही, म्हणून वरचा पातळ थर आणखी तापत राहतो. आणि ८० अंशांच्या आसपास थर्माकोल मऊ पडतो.

‘ग्राउटचे अजून दोन हात मारले तर?’ मालकांनी विचारलं. त्याने भागणार नाही, आधार तोच दबणारा राहतो. एवढ्या वजनाच्या प्राण्यासाठी थर्माकोल आकार देण्यापुरताच वापरावा, भार त्याच्यावर टाकूच नये, असं माझं ठाम मत आहे.

नव्या भिंतीच्या कपारी वेल्डमेशवर, म्हणजे वेल्ड केलेल्या तारेच्या जाळीवर, उभ्या केल्या, जाळी थेट चौकटीला बोल्टने आवळली. वर सिमेंट, बारीक वाळू, अ‍ॅक्रिलिक पॉलिमर आणि अल्कलीला दाद न देणारे काचतंतू. साधे काचतंतू सिमेंटमध्ये हळूहळू झिजतात, तिथे काटकसर नको. शेकायच्या जागी खरी दगडी लादी बसवली. आठवडाभर ओलं ठेवून क्युरिंग केलं, मग धुण्याच्या पाण्याचा पीएच, म्हणजे त्यातला अल्कलीपणा, उतरेपर्यंत धूत राहिलो. ताज्या सिमेंटचा पीएच १२ च्या वर असतो आणि घोरपड सतत जिभेने चाचपत फिरते.

काही दिवसांनी विष्ठेतले मणी थांबले. रंग अजून बाकी आहे. मालकांना सगळीकडे गडद करडा हवाय. दिव्याजवळ फिकाच द्यावा, असं मी सुचवलंय, गडद रंग जास्त तापतो.