जाम झालेले ब्रेक आणि नोंदवहीतील एक ओळ

आमच्या गॅरेजात आलेली तक्रार अशी होती की गाडी सकाळी व्यवस्थित चालते, परंतु अर्धा-पाऊण तासानंतर जड होऊ लागते, वेग धरत नाही, ब्रेकचे पेडल वरच्या वर कडक लागते आणि थांबल्यावर चाकांतून जळका वास येतो. रात्रभर उभी राहिली की मात्र सगळे पूर्ववत होते. मालक मध्यमवयीन गृहस्थ होते. गाडीची सारी देखभाल आपण स्वतःच करतो, हे त्यांनी आल्याआल्या सांगितले आणि सोबत आणलेली नोंदवही माझ्यापुढे ठेवली. प्रत्येक ऑइल बदलाची तारीख, त्या वेळचे किलोमीटर, ऑइलचा ग्रेड, फिल्टर, टायरमधील हवा, इतकेच नव्हे तर चाकांचे नट किती टॉर्कवर आवळले तेही तिच्यात लिहिलेले होते. इतक्या बारकाईची नोंद मी अनेक गॅरेजांतही पाहिलेली नाही.

कॅलिपरचा, म्हणजे चाकाजवळ ब्रेक आवळणाऱ्या भागाचा, पिस्टन गंजून अडकत असावा, असा त्यांचा अंदाज होता. त्यासाठी त्यांनी पुढची चाके काढून कॅलिपरच्या पिनांना ग्रीसही लावले होते. अंदाज चुकीच्या दिशेचा नव्हता, कारण एकच चाक तापत असते तर मीही तेथूनच सुरुवात केली असती. दोष थंड गाडीत दिसत नसल्यामुळे आम्ही ती आधी जड होईपर्यंत चालवली, तशीच लिफ्टवर घेतली आणि चाके हाताने फिरवून पाहिली, तर चारही चाके जवळजवळ जाम होती. चार कॅलिपर एकाच आठवड्यात अडकणे संभवत नाही, त्यामुळे शोध चाकांपासून वर, बॉनेटखाली सरकला.

अशा वेळी भाग बदलत सुटण्यापेक्षा दाब नेमका कोठे अडकला आहे हे शोधणे श्रेयस्कर असते. पेडल दाबल्यावर ब्रेकमध्ये दाब निर्माण करतो तो मास्टर सिलिंडर, आणि त्याच्यामागे पायाचा जोर वाढवणारा बूस्टर असतो. प्रथम मास्टर सिलिंडरचे बूस्टरवरील नट सैल करून तो किंचित पुढे घेतला. चाके सुटली नाहीत, म्हणजे मागून पेडलचा दांडा त्याला ढकलत नव्हता. मग मास्टर सिलिंडरमधून निघणाऱ्या पाइपांचे जोड थोडे ढिले केले, तेव्हा पेडलचा दाब चाकांपर्यंत नेणारे ब्रेक फ्लुइड जोरात बाहेर आले आणि चाके मोकळी फिरू लागली. चाकाजवळचा होज, म्हणजे रबरी नळी, आतून बुजला असता तर येथे दाब सोडून काहीच फरक पडला नसता. दाब मास्टर सिलिंडरच्या आतच कोंडला जात होता.

ब्रेक फ्लुइडच्या टाकीचे झाकण उघडले आणि उत्तर हातात आले. झाकणातील रबरी पडदा फुगून त्याला लाटा आल्या होत्या आणि तो आपल्या खाचेत पुन्हा बसेना. टाकीतील वरचे थोडे द्रव सिरिंजने काढून काचेच्या बाटलीत ठेवले, तर काही वेळाने त्याचे दोन थर दिसू लागले. बाटलीत पाणी टाकताच शंका उरली नाही: डॉट 3 किंवा डॉट 4 प्रकारचे ब्रेक फ्लुइड ग्लायकॉल-ईथरचे असते आणि पाण्यात मिसळून जाते, येथे मात्र वरचा तवंग पाण्यापासून वेगळाच राहिला. ब्रेकच्या टाकीत खनिज तेल गेले होते.

मी नोंदवहीची शेवटची पाने उलटली. गाडी आणण्याच्या थोडे दिवस आधीची एक ओळ होती: “ब्रेक टाकीतील पातळी कमी, भरून घेतली.” ती त्यांना दाखवली तेव्हा ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “पॉवर स्टिअरिंगच्या ऑइलची बाटली शेजारीच ठेवलेली असते. बहुधा तीच हाती आली असणार.” दुसऱ्या दिवशी त्यांनी ती बाटली आणून दाखवली. माझ्या अनुभवात असा प्रसंग आला की बहुतेक जण काहीच केले नसल्याचे सांगतात आणि मग तपासणीत वेळ जातो. या गृहस्थांनी स्वतः लिहून ठेवलेल्या ओळीमुळे दूषित फ्लुइड किती काळ आत होते हे आम्हाला निश्चित कळले, आणि त्याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर वाटला.

मूठभर तेलाने एवढे का व्हावे, हा त्यांचा पहिला प्रश्न होता आणि तो रास्त होता. ग्लायकॉलवर चालणाऱ्या ब्रेकमधील सील साधारणतः ईपीडीएम नावाच्या रबराचे असतात. हे रबर ब्रेक फ्लुइडमध्ये वर्षानुवर्षे टिकते, पण खनिज तेल शोषून घेते, फुगते आणि मऊ पडते. मास्टर सिलिंडरमध्ये एक बारीक छिद्र असते. पाय उचलल्यावर आणि उष्णतेने फ्लुइड प्रसरण पावल्यावर जादा द्रव त्यातून टाकीत परत जातो. सील फुगून त्या छिद्रावर आले की परतीची वाट बंद होते. मग कॅलिपरमधील पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला घासत राहतात, घासण्याने उष्णता वाढते, उष्णतेने फ्लुइड आणखी प्रसरण पावते आणि दाब आणखी चढतो. गाडी थंड झाली की फ्लुइड आकुंचन पावते व चाके सुटतात. सकाळची निर्दोष गाडी आणि दुपारची जाम गाडी, या दोन्हींचा उलगडा त्यातच होता.

याहून मनाला लागणारी बाब पुढे होती. टाकीतील पातळी कमी झाली होती ती गळतीमुळे नव्हे. पॅड झिजत जातात तसे कॅलिपरचे पिस्टन बाहेर येतात, त्यांच्यामागची जागा भरण्यासाठी टाकीतील फ्लुइड खाली जाते, आणि पातळी हळूहळू उतरते. नवे पॅड साधारण 10 ते 12 मिलिमीटर जाडीचे असतात. या गाडीचे 4 मिलिमीटरच्या आसपास उरले होते. म्हणजे पातळी त्यांना पॅड पाहायला सांगत होती, भरायला नव्हे. योग्य फ्लुइड ओतले असते तरी ते अनावश्यक ठरले असते आणि नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलल्यावर टाकीतून बाहेर सांडले असते.

“सगळे फ्लुइड काढून, दोन-तीनदा नवे घालून धुऊन काढले तर चालणार नाही का?” त्यांनी विचारले. या प्रश्नावर मी बराच वेळ दिला, कारण नकार देणारा मेकॅनिक बिल वाढवतो आहे असे ग्राहकाला वाटणे स्वाभाविक असते. धातूचे पाइप धुऊन स्वच्छ होतात, पण रबराने शोषलेले तेल धुण्याने निघत नाही आणि फुगलेल्या सीलवर पुन्हा भरवसा ठेवता येत नाही. धुतल्यावर गाडी कदाचित चालली असती, पुढचा उतार लागेपर्यंत. मास्टर सिलिंडर, टाकीचे झाकण व सील, चारही कॅलिपरचे सील आणि रबरी होज बदलावे लागतील, असे मी सांगितले. एबीएसच्या, म्हणजे जोरात ब्रेक लावल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, हायड्रॉलिक युनिटमध्येही रबरी सील असतात आणि ते युनिट उघडून दुरुस्त करण्याजोगे नसते, म्हणून तेही बदलण्याचा सल्ला द्यावा लागला. खर्चाचा मोठा भाग त्या एका युनिटचा होता. वर्षानुवर्षे ऑइल बदलाच्या मजुरीत वाचवलेले पैसे त्या बिलात गेले असणार, हे दोघांनाही कळत होते. त्यांनी घासाघीस केली नाही. जुने भाग मात्र परत मागितले, आणि ते मागणे प्रत्येक ग्राहकाचा हक्क आहे असे मी मानतो.

काम चालू असताना ते रोज थोडा वेळ येऊन बसत. यापुढे गाडीला हात लावू नये का, असे त्यांनी एकदा गंभीरपणे विचारले. तसे मी सांगितले असते तर ती त्यांची आणि माझ्या व्यवसायाचीही फसवणूक झाली असती. त्यांनी बदललेले इंजिन ऑइल मी डिपस्टिकवर पाहिले होते. पातळी अचूक होती, ड्रेन प्लगला नवे वॉशर होते, जुन्या फिल्टरचे गॅस्केट इंजिनला चिकटून राहिलेले नव्हते. घाईच्या दिवशी गॅरेजांत नेमक्या याच गोष्टी सुटतात. स्वतःच्या गाडीसाठी एक निवांत दुपार देणारा माणूस ते काम अधिक चांगले करतो, आणि मजुरी वाचते तीही खरी असते. अट एवढीच, की गाडी केवळ जॅकवर उचलून तिच्याखाली शिरायचे नाही, स्टँड लावायचेच. आणि काढलेले ऑइल गटारात न ओतता गोळा करणाऱ्याकडे द्यायचे.

काम घरी करावे की गॅरेजला द्यावे हे ठरवताना लोक काम किती अवघड आहे आणि हत्यारे आहेत का, एवढेच पाहतात. मी त्यांच्यासमोर वेगळा निकष ठेवला: काम चुकले तर ते कधी कळेल? एअर फिल्टर नीट बसला नाही, बॅटरीचे टर्मिनल सैल राहिले किंवा वायपर उलटा लागला, तर ते गाडी उभी असतानाच किंवा पहिल्या फेरीत समजते आणि पुन्हा करता येते. ड्रेन प्लग झिरपला तर जमिनीवर डाग दिसतो. ब्रेकचे तसे नाही. पाणी शोषलेले फ्लुइड दिसायला नव्यासारखे असू शकते. डॉट 4 चा उत्कलनबिंदू कोरडे असताना किमान 230 अंश सेल्सियस असावा लागतो, तर सुमारे 3.7 टक्के पाणी शिरल्यावर तो 155 अंशांपर्यंत खाली आला तरी मानकात बसतो. हा फरक सपाट रस्त्यावर जाणवत नाही. लांब उतारावर फ्लुइड उकळून वाफ झाली आणि पेडल तळाला गेले की जाणवतो. इंजिनमधील पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ राखणारा टायमिंग बेल्टही असाच, दात काही घरे सरकून बसला तर अनेक इंजिनांत ते एकमेकांवर आदळू शकतात. अशा कामांत गॅरेजला दिलेले पैसे केवळ हाताच्या मजुरीचे नसतात, दुसऱ्या माणसाने तपासून घेण्याचे असतात. म्हणूनच ज्या गॅरेजात केलेले काम दुसरा कोणी तपासत नाही, तेथे ते पैसे देण्यात अर्थ नाही, हेही मी त्यांना सांगितले.

पॅड बदलण्याविषयी आमचे थोडे मतभेद राहिले. पुढचे पॅड आपण स्वतः बदलू शकतो, असे त्यांचे म्हणणे होते, आणि त्यांचा हात पाहता ते खरे आहे. मागच्या ब्रेकबाबत मी ठाम राहिलो. त्यांच्या गाडीत इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक आहे. स्कॅनरने सर्व्हिस मोडमध्ये नेल्याशिवाय मागचा पिस्टन रेटला तर आतील मोटारयंत्रणा बिघडू शकते. अखेर असे ठरले की पुढचे पॅड ते बसवतील, पण गर्दीत नेण्यापूर्वी गाडी येथे आणून दाखवतील. फ्लुइड दर दोन वर्षांनी गॅरेजमध्येच बदलले जाईल, आणि मधल्या काळात टाकीची पातळी उतरलेली दिसली तर बाटली उघडण्याआधी ते पॅडची जाडी मोजून ती नोंदवहीत लिहितील.

गाडी देण्यापूर्वी आम्ही दोघे ती चांगले तासभर चालवून आलो, चारही डिस्कचे तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजले आणि आकडे जुळल्यावर मी किल्ली त्यांच्या हाती दिली. नव्या फ्लुइडचा ग्रेड आणि बाटलीवरची तारीख त्यांनी तेथेच उभे राहून लिहून घेतली.