आमची वाटचाल : भवानी पेठेतला पेपर

मागच्या पत्रकार दिनाला, 6 जानेवारीला, सोलापूरच्या वृत्तपत्रांवर एक व्याख्यान झाले. पहिल्या रांगेत बसून मी ते दीड तास ऐकले. वक्त्यांनी रामभाऊ राजवाडे यांच्या 'कर्मयोगी'पासून सुरुवात केली, ते योग्यच झाले. 1930 चा सोलापूरचा मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, सांगितला. 'गझनफर' हे वृत्तपत्र चालवणारे कुर्बान हुसेन यांना मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांच्याबरोबर 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी दिली, तेही सांगितले. आमचे वडील दर वर्षी त्या तारखेला आम्हा भावंडांना चार पुतळ्यांपाशी न्यायचे. म्हणायचे, "पेपरवाला फासावर गेलेले गाव आहे हे. इथे पेपर काढायचा तर नीट काढायचा." पुढे वक्त्यांनी आजच्या दैनिकांची नावे घेतली. त्यात भवानी पेठेतल्या आमच्या पेपरचे नाव नव्हते. घरी आलो, जेवलो नाही. म्हणून हे लिहायला घेतले.

बहात्तरच्या दुष्काळानंतर वडिलांनी जिल्हाधिकारी कचेरीत पेपर काढण्याचे डिक्लेरेशन (प्रतिज्ञापत्र) केले आणि भवानी पेठेत दोन खोल्यांत पेपर सुरू केला. भांडवल म्हणजे छपाईचे एक जुने सिलिंडर मशीन, खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, काही केस (खान्यांच्या पेट्या) आणि ती अक्षरे जुळवणारे जुळारी मामा. मामा साखर पेठेतले, घरी तेलुगू बोलणारे, शाळा चौथीपर्यंतची. पण मराठी जुळवणीत त्यांचा हात धरणारा मी पाहिला नाही. डाव्या हातात ओळ जुळवायची स्टिक, उजवा हात केसवर. मराठीच्या केसला खाने किती असतात ते ज्याने जुळवणी केली त्यालाच माहीत: काना वेगळा, मात्रा वेगळी, जोडाक्षरे वेगळी. मामा खान्याकडे बघायचेच नाहीत. खिळा उचलला की त्याची खाच अंगठ्याला लागायची आणि अक्षर सुलटे बसायचे. ओळ भरली की लेड, म्हणजे शिशाची पट्टी, मजकूर गॅलीच्या तबकावर उतरवला की सुतळीचे तीन वेढे. पहाटे रॉकेलने हात धुवायचे, तरी नखांतले काळे जायचे नाही. पहिल्या दोन वर्षांत त्यांचा पगार कितीदा थकला याचा हिशेब वडिलांच्या वहीत आहे. मामांनी तो कधी मागितला नाही. वडील त्यांना भागीदार म्हणायचे, कागदावर नसले तरी. त्यांची स्टिक आजही माझ्या टेबलावर आहे.

आणीबाणी, ऑफसेट, डीटीपी हे सगळे आमच्याकडेही आले आणि गेले. त्यात वेगळे सांगण्यासारखे फार नाही.

सांगायचे आहे ते 30 सप्टेंबर 1993 चे. गणपती विसर्जनाची रात्र. पहिल्या पानावर मिरवणुकीचा फोटो, बार्शी-करमाळ्याची पार्सले एसटीला गेलेली, शहराचा अंक मशीनवर. चार वाजायला चार मिनिटे असताना जमीन हलली. वरच्या फळीवरचे शाईचे डबे खाली आले, मशीनमनने आधी बटण बंद केले आणि मग पळाला. बाहेर अख्खी पेठ रस्त्यावर. भूकंप कुठे झाला हे कोणालाच माहीत नव्हते. उजाडता उजाडता किल्लारीचे नाव आले. मी आणि आमचा फोटोग्राफर नळदुर्ग-उमरगा मार्गे जीपने निघालो. तिथे जे पाहिले ते मी त्या दिवशीही पूर्ण लिहिले नाही, आजही लिहिणार नाही. दुपारी परतलो आणि जादा अंक काढला: एकच पान, दोन्ही बाजूंनी छापलेले. मागच्या बाजूला एकही बातमी नव्हती. सोलापूरच्या सिव्हिलमध्ये आणलेल्या जखमींची नावे, गाव आणि वॉर्ड, एवढेच. आमची दोन पोरे वॉर्डावॉर्डांत फिरून नावे लिहून घेत होती, मामा शेजारी बसून प्रूफ वाचत होते. ते पान कचेरीच्या भिंतीवर चिकटवले. रात्री अकरापर्यंत माणसे त्या भिंतीवर बोट फिरवत उभी होती. वाचता न येणाऱ्यांना मामा वाचून दाखवत होते. पुढे आठ दिवस ती यादी रोज नव्याने छापली, एक रुपयाची जाहिरात न घेता. सोलापूरच्या पत्रकारितेचा इतिहास सांगणाऱ्याने ते पान एकदा तरी हातात घ्यायला हवे होते.

आता वाईट काळाचे. काही वर्षांनी बाहेरचे एक मोठे दैनिक शहरात आले. रंगीत पाने आणि किंमत आमच्या निम्मी. वर कुपने चिकटवा आणि बादली न्या, खुर्ची न्या. स्पर्धेला माझी ना नव्हती आणि नाही. पण त्यांनी आमच्या विक्रेत्यांना आमचा अंक न उचलण्यासाठी वेगळे पैसे दिले, हे मला विक्रेत्यांनीच सांगितले. पहाटे पार्सले डेपोवर तशीच पडून राहायची. उन्हाळ्यात आमचे दोन उपसंपादक सोडून गेले, मग जाहिरात व्यवस्थापक गेला आणि जाताना ग्राहकांची वही घेऊन गेला. ती वही मी बारा वर्षे बनवली होती. त्याने अजून परत केलेली नाही. अंकाचा खप निम्म्यावर आला. न्यूजप्रिंटवाल्याने रोख पैशांशिवाय रीळ उतरवू दिले नाही, बँकेचे हप्ते थकले. एका गुरुवारी बंदची सूचना मी स्वतः लिहून टाइप करायला दिली होती.

त्या संध्याकाळी अण्णा आले. कन्ना चौकाजवळ त्यांचे माग, चादरी आणि टॉवेलचे. पहिल्या अंकापासूनचे वर्गणीदार. रोज पाच अंक: एक घरी, चार कारखान्यावर. दारातच म्हणाले, "मालक, पेपर बंद करलालाव म्हणं?" मी काही बोललो नाही. त्यांनी वर्षभराच्या जाहिरातीचा चेक टेबलावर ठेवला आणि एकच अट घातली: "कांद्याचा भाव आन् मयताच्या बातम्या पयल्यासारख्या पायजेत. त्या बादलीवाल्या पेपरात आमची मानसं मेलेली कळतच न्हाईत." ती सूचना मी परत घेतली, कागद फाडून टाकला.

अण्णांचे बोलणे मी शब्दशः धरले. मार्केट यार्डात रोज आपला माणूस उभा केला. सोलापूरच्या बाजारात हंगामात कांदा किती येतो आणि भाव सकाळपासून दुपारपर्यंत किती वेळा फिरतो हे इथल्या वाचकाला सांगायला नको. आम्ही सरासरी भाव न देता जास्तीत जास्त, कमीत कमी आणि कोणत्या मालाला काय मिळाला ते दिले. सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वज कोणत्या वेळी कुठे पोहोचणार, शहरातल्या कोणत्या भागाला पाणी कोणत्या दिवशी, हे पहिल्या पानावर घेतले. आणि उजनी. धरण 117 टीएमसीचे (अब्ज घनफुटांचे), त्यातले 63 टीएमसीच्या वर मृतसाठा, म्हणजे उपयुक्त साठ्यात न धरलेले तळाचे पाणी; पाणी त्याखाली गेले की आकडा उणे धरतात. म्हणून आमच्या जिल्ह्यात उन्हाळ्यात पाणी 'उणे' असते आणि सगळा जिल्हा त्या एका आकड्याकडे बघत असतो. एका एप्रिलमध्ये आमच्या पाणीसाठ्याच्या चौकटीतले वजाचे चिन्ह गळाले. सकाळी सातला मोहोळकडून एका ऊस बागायतदाराचा फोन आला: आवर्तन, म्हणजे कालव्याचे पाणी, सुटणार समजून त्यांनी खताच्या गोण्या आणून टाकल्या होत्या. मी त्यांच्या वस्तीवर जाऊन माफी मागितली. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर, त्याच जागी आणि त्याच टाइपात दुरुस्ती छापली. त्या दिवसापासून आम्ही चिन्ह वापरत नाही, 'उणे' असे अक्षरी लिहितो.

दोन वर्षांनी अंक पुन्हा उभा राहिला. बादलीची योजना तोपर्यंत संपली होती.

या धंद्यात नव्याने येणाऱ्या पोरांना सांगतो, त्यांनी विचारलेले नसले तरी. निवडणुकीची जाहिरात उधार छापू नका, निकालानंतर कोणी ओळख देत नाही. विक्रेत्याचे कमिशन ठरल्या तारखेला द्या, मग घरी किराणा उशिरा भरला तरी चालेल. निधनवार्तेतले नाव घरच्यांना फोन करून अक्षर न् अक्षर विचारून घ्या. त्या घरात ते कात्रण पन्नास वर्षे जपतात. आणि फायलींचे दोन संच बांधा, दोन वेगळ्या इमारतींत ठेवा. आमच्या एका संचातली सहा वर्षे वाळवीने खाल्ली.

2020 च्या एप्रिलमध्ये घरोघरी पेपर टाकायलाच बंदी आली, तेव्हा आम्ही अंक छापून चौकाचौकांतल्या दूधवाल्यांकडे ठेवला. मामा त्याच्या आधीच गेले होते. अण्णाही गेले. त्यांचे माग निम्म्याहून अधिक बंद आहेत, तरी पाचही अंक चालू आहेत. वर्गणी आता नातू मोबाइलवरून पाठवतो. मागच्या महिन्यात त्याचा निरोप आला: चार अंक कारखान्याच्या शटरखाली टाका, पण आजोबांचा घरचा अंक दाराच्या कडीत खोचा, आजी साडेपाचला उठते.