द्रविड सचिन पाटील

सोमवार, रात्री

भाच्याचं बारसं रविवारी आणि नाव अजून लटकलेलंच. आत्या मी. पाळण्यात वाकून कानात कुर्र करायचं मी आणि पाठीवर धपाटे खायचे तेही मीच. तेव्हा नाव काय ते निदान आदल्या दिवशी तरी कळावं, एवढंच माझं म्हणणं होतं. आज बेळगावजवळ उचगावला माहेरी गेले तर भाऊ सचिन चहाचा कप खाली ठेवत म्हणाला, "द्रविड ठेवायचं."

राहुल नाही. द्रविड.

आई म्हणाली, "ते आडनाव की बा!" सचिन म्हणाला, "म्हणूनच. राहुल म्हणून हाक मारली तर गल्लीत चार पोरं वळून बघतात. द्रविड म्हटलं की एकच बघेल." त्याचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. त्याच्याच वर्गात तीन सचिन होते. १९८९ नंतर, तेंडुलकर खेळायला लागल्यावर, जन्मलेल्या पोरांच्या पिढीत हे व्हायचंच होतं. आबांनी मोठ्या हौसेनं नाव ठेवलं आणि पोरगा मोठा होऊन द्रविडचा भक्त निघाला. कसोटीत जगात सगळ्यात जास्त चेंडू कुणी खेळले विचारा, झोपेतून उठून सांगेल : ३१,२५८.

मग माझ्या डोक्यात पूर्ण नाव उमटलं आणि मी तिथंच हसत सुटले. द्रविड सचिन पाटील. आपल्याकडं मधे बापाचं नाव येणार ते येणारच. म्हणजे शाळेच्या दाखल्यावर आख्खी मधली फळी! मुलतान, मार्च २००४, तेंडुलकर द्विशतकाजवळ असताना कर्णधार द्रविडनं डाव थांबवला ती कसोटी : बाप १९४ वर नाबाद आणि पोरगा आतून डाव घोषित करायला लागलाय. सचिनला हे सांगितलं तर तो हसला नाही. त्या डावाचा विषय निघाला की तो अजून गप्प होतो, कुणाची बाजू घ्यावी कळत नाही बिचाऱ्याला.

मंगळवार

वैनीला विचारलं, तुला काय वाटतंय गे? बाळंतिणीला कुणी विचारतच नव्हतं. ती म्हणाली, "मला चालतंय, खरं माझ्याकडचं पण काहीतरी असूदे की."

वैनी बैलहोंगलची, कन्नड. माहेरचं आडनावही पाटील. लग्नात कागदपत्रं करताना सगळ्यांना वाटलं होतं नाव बदलायची कटकट होणार, तर एक अक्षर हलवावं लागलं नाही. आमच्याकडं आडनावावरून भाषा ओळखायला जाऊ नये. पाटील, देसाई, देशपांडे, कुलकर्णी ही सगळी मंडळी दोन्हीकडं आहेत; मराठा पाटील, लिंगायत पाटील, जैन पाटील एकाच एसटीत शेजारी बसतात आणि तोंड उघडेपर्यंत पत्ता लागत नाही.

वैनीचा भाऊ टेक्सासला असतो. त्यानं व्हिडिओ कॉलवर सांगितलं की त्याच्या ऑफिसातल्या लोकांच्या पोरांची नावं कार्टर, मेसन, जॅक्सन, लिंकन, म्हणजे झाडून सगळी आडनावं, आणि तिकडं त्याचं कुणाला काही वाटत नाही. ही त्यांची जुनीच रीत. आईचं माहेरचं आडनाव मुलाच्या नावात घालायचं. फ्रँकलिन डेलॅनो रूझवेल्टमधलं डेलॅनो आईच्या माहेरचं, जॉन फिट्झगेराल्ड केनेडीमधलं फिट्झगेराल्डही तसंच. वुड्रो विल्सनचं वुड्रो हेसुद्धा आईचं आडनाव, आणि तो तर त्याच नावानं राष्ट्राध्यक्ष झाला. वैनीला हे फारच आवडलं. "मग माझं पण घालूया की मधे." आम्ही दोघींनी म्हणून बघितलं : द्रविड पाटील पाटील. ती इतकी हसली की टाके दुखायला लागले. मग आईनं मला खोलीबाहेर काढलं.

रात्री जेवताना घरी हाच विषय. आमचे हे म्हणाले, यात नवीन काय? तमिळनाडूत स्टालिन मुख्यमंत्री झालेच की. तेही खरंच. १ मार्च १९५३ चा जन्म, आणि चारच दिवसांनी रशियातला स्टालिन गेला. आपल्याच राज्यात हावेरीला नेहरू ओलेकार आमदार होते. वॉशिंग्टन सुंदरचं नाव कुणा अमेरिकन अध्यक्षावरून नाही. वडलांना क्रिकेटसाठी मदत करणारे एक निवृत्त फौजी होते, त्यांच्या नावावरून ठेवलंय. हे मला सगळ्यात पटतं. उपकाराची फेड अशी करावी, रोज हाक मारून.

मात्र कुठलंही आडनाव उचलून चालत नाही, असं माझं मत होत चाललंय. शेवटी 'कर' आला की संपलं. 'ए अथणीकर, दूध पी' असं तान्ह्या पोराला म्हणून बघा. ते पोरगं वाटतच नाही, भाडेकरू वाटतो. कुलकर्णी, देशपांडे, चौगुले ही हुद्द्याची आडनावं, तीही पाळण्यात मावत नाहीत. मावतात ती देव, प्रभू, टिळक यांच्यासारखी, आखूड आणि मागं शेपूट नसलेली. तिलक वर्माला आता कुणी विचारतं का, हे नाव की आडनाव? आणि मी तरी कुठं राहते? टिळकवाडीत. पलीकडं शास्त्रीनगर, तिकडं नेहरूनगर. गल्लीबोळांना आडनावं दिलेली चालतात, कुणी तक्रार करत नाही.

द्रविड या परीक्षेत बसतं, हे मला मान्य करावं लागलं. सचिनला मात्र अजून सांगितलेलं नाही.

बुधवार

आबांचा विरोध. ते मराठा लाईट इन्फन्ट्रीतले, बोलतात कमी आणि बोलले की संपतं. "आडनावानं हाक मारणं म्हणजे काय ते मला विचारा." पलटणीत यांच्या कंपनीत इतके पाटील होते की नंबरातले शेवटचे आकडे लावून बोलवायचे. आबा तिथं 'पाटील सत्तेचाळीस'. सुट्टीवर घरी आले की आजी 'महादू' म्हणायची तेव्हा, त्यांच्या शब्दांत, "अंगावरचा पट्टा सुटल्यासारखं वाटायचं." नाव हे घरातलं असतं, आडनाव वेशीबाहेरचं. पोराला घरातही वेशीबाहेर का उभं करायलास, असा त्यांचा सवाल.

यावर सचिनकडं उत्तर नव्हतं. माझ्याकडंही नव्हतं. शाळेत सर पटावर हजेरी घ्यायचे ती आडनावापासूनच, आणि आम्ही पोरीसुद्धा एकमेकींना आडनावानंच हाका मारायचो. माझी जिवाभावाची मैत्रीण मला अजून 'पाटील' म्हणते. माझं लग्नानंतरचं आडनाव तिनं कधी तोंडात घेतलेलंच नाही, आणि नवऱ्यासमोर तिनं 'ए पाटील' म्हटलं की मला बरं वाटतं. तर वेशीबाहेरचं ते सगळंच परकं नसतं. पण हे आबांना कोण सांगणार.

गुरुवार

जन्माच्या नोंदीची चौकशी करायला सचिनबरोबर गेले. खिडकीमागचा माणूस शांत होता, पान खाल्लेलं.

"हेसरेन्री?"

"द्रविड."

"अदु अड्डहेसर री. हेसर हेळ्री." हे आडनाव झालं हो, नाव सांगा.

"द्रविड हेच नाव. आडनाव पाटील."

त्यानं चष्म्यावरून बघितलं, मागच्या टेबलावरच्याला काहीतरी सांगितलं, दोघं हसले आणि मग उठून सचिनशी हात मिळवला! म्हणाला, नोंद बाळाच्या नावाशिवायही होते, नाव वर्षाच्या आत घातलं तर जादा फी नाही, सावकाश ठरवा. कागदाच्या कोपऱ्यावर त्यानं कन्नडमध्ये नाव लिहून दाखवलं. द्राविड. काना देऊन. सचिन म्हणाला, काना नको. तो म्हणाला, कन्नड पेपरात असंच छापतात. तेही बरोबर आहे, मी पाहिलंय. राहुल मराठी बोलणाऱ्या घरातला, जन्म इंदूरचा, वाढला बेंगळूरला, खेळला कर्नाटकाकडून. मराठी पेपरात द्रविड, कन्नड पेपरात द्राविड. माणूस एकच, काना इकडं नाही, तिकडं आहे.

आमच्या गावाचंच बघा ना. २०१४ पासून कागदावर बेळगावी, तोंडात बेळगाव. पोराचंही तसंच होणार, त्यात काय एवढं.

शुक्रवार

बैलहोंगलहून वैनीचे आप्पा आले, सोबत बेळगावची मिठाई कुंदा. (बेळगावला कुंदा घेऊन येणारा हा एकमेव माणूस. वाटेत बेळगावातूनच घेतला असणार.) ते गाण्यातले दर्दी. आडनावाचा वाद कानावर गेल्यावर त्यांनी सरळ कुमारजींना काढलं. सुळेभावीचं पोर, आपल्याच तालुक्यातलं, १९२४ चा जन्म. नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकलीमठ. लहानपणीच गाणं ऐकून लोक थक्क झाले आणि 'कुमार गंधर्व' ही पदवी मिळाली. पुढं तीच नाव होऊन बसली. मुलगी कलापिनी कोमकली लावते, आणि मुलगा मुकुल शिवपुत्र. म्हणजे बापाचं पाळण्यातलं नाव मुलाच्या आडनावाच्या जागी जाऊन बसलं. "नाव एका पिढीत पुढं सरकतंय, एका पिढीत मागं सरकतंय," आप्पा म्हणाले, "तुम्ही कशाला भांडायलात?"

आबा ऐकत होते. कुमारजी म्हटल्यावर त्यांचा आवाज थोडा खाली येतो.

तेवढ्यात आमची ठकी, म्हणजे सचिनची थोरली, तिसरीतली, दप्तर टाकत म्हणाली, "खरं बाबा, शाळेत रोज सगळी पोरं त्याच्याकडं बघणार."

"का गे?"

"जनगणमनात येतंय की त्याचं नाव!" आणि तिथंच सावधान उभी राहून तिनं म्हणून दाखवलं. मराठा, द्राविड, उत्कल, बंग.

मराठा आणि द्राविड. शेजारी शेजारी, मधे स्वल्पविराम घेण्याइतकाच श्वास. बाप मराठा, आई कन्नड, आणि आठवडाभर डोकी फोडणाऱ्या आम्हा मोठ्या माणसांपैकी एकालाही हे सुचलेलं नव्हतं. आयुष्यभर रोज म्हणत आलो. वैनीनं आतून विचारलं, "काय झालं, सगळी गप्प का?" आप्पांनी ठकीला कुंद्याचा आख्खा पुडाच देऊन टाकला.

आबा म्हणाले, "बरं. ठेवा." एवढंच. मग थोड्या वेळानं, "खरं मी त्याला बाळूच म्हणणार." महादूचा नातू बाळू, पट्टा सुटलेला. यावर कुणी वाद घातला नाही.

शनिवार

नाव ठरलं असं वाटलं होतं. सकाळपासून नवा वाद. ठकीनं म्हटलं त्यात काना आहे, त्यामुळं आप्पांचं पारडं जड झालंय. राष्ट्रगीतातच द्राविड आहे तर कागदावर द्राविडच लिहायचं, असं ते म्हणतात. सचिन म्हणतो, मी पोराचं नाव खेळाडूवरून ठेवतोय, प्रदेशावरून नाही. आप्पा म्हणतात, खेळाडूला ते आडनाव तरी कशावरून मिळालं? सचिन ओसरीवर फेऱ्या मारायला लागलाय. गंमत म्हणजे तो हे सगळं कन्नडमध्ये बोलतोय आणि आप्पा मराठीत, दोघंही दुसऱ्याला नीट समजावं म्हणून.

मी हरभरे भिजत घातले, पाळण्याला झेंडूची माळ बांधून घेतली, गोविंद घ्या गोपाळ घ्या म्हणायला शेजारच्या दोघींना सांगून आले. त्यांच्याकडंही नाव ठेवायचा मान अत्तीचाच, म्हणजे आत्याचाच, हे वैनीनं आप्पांना आठवण करून दिलंय, त्यामुळं उद्या पाळण्यापाशी माझ्या आड कुणी येणार नाही. आप्पांनी जाता जाता मला बाजूला घेऊन विचारलं, "अक्का, तुम्ही कानात काय सांगणार? काना घालून की न घालता?"

मी म्हटलं, आप्पा, कानात सांगायचंय, तुम्हाला कुठं ऐकू येणार आहे. कागदाला वर्ष आहे.