केपांची वही

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातील आमच्या घरात एक ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची, एकनळी बंदूक आहे आणि तिच्यावरून आमच्या घरात दोन वर्षे बोलणे तुटायची वेळ आली होती. आजोबांना आता शहात्तरावे वर्ष लागले आहे. परवानाधारकाच्या वयाला 70 वर्षे झाली, किंवा त्याने 25 वर्षे शस्त्र बाळगले, की तो परवाना वारसाच्या नावे करून मागता येतो, अशी सोय 2016 च्या शस्त्र नियमांत आहे. त्यामुळे बंदूक काकांच्या नावे करायची की कायमची सरकारजमा करायची, हा प्रश्न गेल्या चवथीला, गणपतीवर बांधलेल्या माटोळीची फळे उतरवून झाल्यावर, सगळ्यांसमोर आला.

आत्याचे मत ठाम होते. ती फोंड्याला शिक्षिका आहे. दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुट्टीत तिचा नऊ वर्षांचा मुलगा भाताच्या कोठीच्या खोलीत लपाछपी खेळत होता आणि दाराआड उभी केलेली बंदूक त्याच्या हाती लागली. आत्या आत गेली तेव्हा तो नळीच्या तोंडाला डोळा लावून आत काय दिसते ते पाहत होता. बंदूक भरलेली नव्हती, हे तिला नंतर कळले. त्या मधल्या क्षणांत तिच्या मनाचे काय झाले असेल, हे मला सांगता येणार नाही. पण त्यानंतर तिने मुलाला त्या घरात एकदाही एकटे सोडलेले नाही.

काकांचे म्हणणेही पोकळ नव्हते. आमची थोडी भातशेती, एक कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, आणि वर डोंगरावर काजू आहेत. रानडुकरांचा कळप एका रात्रीत केळीची बाग नांगरल्यासारखी उलथून टाकतो, खेती, म्हणजे माकडे, कोवळे नारळ पाडून अर्धवट टाकून जातात, आणि गवा रेडा मळ्यातून चालत गेला तर तो काही खाण्यापूर्वीच पायाखाली पीक आडवे होते. यावर बंदुकीचा कायदेशीर उपयोग मुख्यतः आवाजापुरता आहे, कारण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली रानडुकरालाही परवानगीशिवाय मारता येत नाही. पण आवाजाचाही उपयोग होतो, आणि 1959 च्या शस्त्र कायद्यातही खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची वेगळी तरतूद केलेली आहे. निवडणुका आल्या की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. 2024 साली आचारसंहिता 16 मार्चला लागली आणि गोव्यात मतदान 7 मे रोजी झाले, म्हणजे ऐन काजूच्या हंगामात बंदूक घरात नव्हती. काकांनी ते दिवस डबे वाजवून आणि जागरणे करून काढले. ज्याने कधी राखणीला रात्र काढलेली नाही, त्याने शेतकऱ्याला बंदूक टाकून द्यायला सांगण्यापूर्वी निदान एक रात्र तरी राखणीच्या माळ्यावर बसून पाहावे, असे मला त्या दिवसांत वाटले होते. अर्थात ज्याच्या मुलाने कधी नळीला डोळा लावलेला नाही, त्यानेही जरा थांबून बोलावे.

चवथीच्या त्या दुपारी दोघांचेही आवाज चढले. आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी जे सांगितले ते आम्हा नातवंडांपैकी कोणीच आधी ऐकलेले नव्हते.

डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्त झाला तेव्हा आजोबा बारा वर्षांचे होते. त्यांच्या लहानपणी बंदूक म्हणजे पोर्तुगीज शिपायाच्या खांद्यावरची वस्तू होती आणि ती दिसली की मुले घरात पळत. त्यामुळे पुढे स्वतःच्या नावावर परवाना झाला, त्या दिवशी आपण फार मोठे झालो असे त्यांना वाटले होते. नंतर वायंगणाच्या, म्हणजे हिवाळी भातपिकाच्या, दिवसांत, धुक्याच्या एका पहाटे, बांधापलीकडच्या झुडपांत त्यांना सळसळ ऐकू आली. वर आकाशात बार काढायचा हा रिवाज त्यांना ठाऊक होता, परंतु त्या पहाटे त्यांनी आवाजाच्या रोखाने बार काढला. झुडपांत डुक्कर नव्हते. शेजारच्या मळ्याचा राखणदार, त्यांचा लहानपणापासूनचा मित्र, पाणी अडवायला खाली उतरला होता. छर्रे त्याच्या मांडीत घुसले. चौघांनी त्याला खाटेवर घालून रस्त्यापर्यंत नेले. तो वाचला, पण पुढे आयुष्यभर लंगडत चालला.

आजोबांनी स्वतःच ठाण्यावर जाऊन सांगितले. परवाना दोन वर्षे निलंबित झाला. त्या दोन वर्षांत ते स्वतःचा मळा राखीत आणि मित्र खाटेवर असेपर्यंत त्याचाही राखीत, तेही बंदुकीवाचून. धुनी पेटवायची, पत्र्याचे डबे बडवायचे, फारच झाले तर गरनाल उडवायचे आणि पहाटेपर्यंत हाकाटी करायची.

“दोन वर्षांत मला दोन गोष्टी कळल्या,” ते म्हणाले. “दहांतल्या आठ रात्री बंदुकीवाचून निभावते. उरलेल्या दोन रात्री निभावत नाही, आणि त्याच दोन रात्रींत वर्षाचे पीक जाते. बाय, तू मला त्या आठ रात्री सांगतेस. हा मला दोन रात्री सांगतो. दोघांचेही खरे आहे. पण तुझ्या मुलाच्या हाती ती लागली तेव्हा रात्र नव्हती. दुपार होती. दुपारी ती दाराआड कशाला होती, हे मला कोणी विचारलेच नाही.”

मला वाटते, आमच्या वादाची दिशा तिथे बदलली. तोवर आम्ही बंदूक असावी की नसावी एवढेच भांडत होतो. राखणीच्या रात्री ती कोणाच्या हातात असेल आणि राखण नसताना तिचे तोंड कोणत्या कुलुपाआड असेल, हा प्रश्न कोणी मांडलाच नव्हता, आणि त्या प्रश्नावर काका आणि आत्या यांच्यात फारसा मतभेद निघाला नाही. काकांनी कबूल केले की दाराआडची जागा चुकीची होती. आत्यानेही कबूल केले की बंदूक गेली म्हणजे संघर्ष संपेल असे नाही. जानेवारी 2020 मध्ये म्हादई अभयारण्यात जे चार वाघ मेले, ते गोळीने मेले नव्हते, विषाने मेले होते. फास आणि विष यांना परवाना लागत नाही, आणि शेतकरी एकटा पडला की त्याचा हात तिकडे जातो.

मग ठरले ते असे. परवाना काकांच्या नावे करायचा, आणि त्यांच्याखेरीज कोणीही बंदुकीला हात लावायचा नाही. बंदूक कपाटात, साखळीत आणि कुलपात राहील. बंदुकीची दारू निराळ्या पेटीत राहील. आणि केप, म्हणजे घोड्याखाली बसणारी ती तांब्याची टोपी, जिच्यावाचून ठासणीची बंदूक लोखंडाच्या नळीपेक्षा अधिक काही नसते, आजीच्या ताब्यात राहतील. आजीला ती बंदूक कधीच आवडली नाही. लग्नकार्यात हवेत बार काढायची पद्धत होती त्या काळातही ती कानांत बोटे घालून आत जात असे. (शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने आता असे बार काढणे हा वेगळा गुन्हाच ठरवला आहे, हे कळल्यावर तिला फार समाधान वाटले.) याखेरीज कुळागराच्या डोंगराकडील बाजूला सौर कुंपण घालायचे ठरले आणि त्यासाठी आत्याने आपल्या बचतीतून वाटा उचलला. परवान्याचे कागद मामलेदार कार्यालयातून पुढे सरकायला वेळ लागतो, तो लागत आहे. कुंपण मात्र दिवाळीपूर्वी उभे राहिले.

गेल्या महिन्यात मी घरी गेलो तेव्हा आजीने तिची वही दाखवली. शाळेची चाळीस पानी वही, वर गणपतीचे चित्र. माळ्यावर जाताना केप मोजून द्यायचे आणि सकाळी मोजून घ्यायचे, असा तिचा नेम आहे. परवाना हाती येईपर्यंत केप आजोबांनाच मिळतात. काका राखणीला असतात ते काठी आणि विजेरी घेऊन. प्रत्येक रात्रीची एक ओळ, थरथरत्या अक्षरांत: तिथी, दिले सहा, परत सहा. कुंपण झाल्यापासूनच्या पानांवर मी बोट फिरवत गेलो. दोन ठिकाणी परत पाच असे होते आणि त्यापुढे तिने लिहिले होते, वर मारला.

आत्या फोंड्याहून आली की आधी ती वही वाचते आणि मगच चहा घेते.