सेफ्टी रेझरची दाढी : पत्तीच्या आधी पाणी

गळ्यावरच्या पुळ्यांमुळे मी या वाटेला लागलो. माझे केस राठ आणि कुरळे. चार-पाच पात्यांच्या कार्ट्रिजने दाढी केली की दुसऱ्या दिवशी जबड्याखाली लाल पुटकुळ्या उठायच्या आणि काहींत आत वळलेला केस स्पष्ट दिसायचा. त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी कारण नीट समजावलं. पहिलं पातं केस किंचित वर ओढतं, मागची पाती तो कापतात आणि कापलेलं टोक त्वचेच्या पातळीखाली जातं. सरळ केस पुन्हा बाहेर येतो, कुरळा मात्र आतच वळून त्वचेला टोचत राहतो. ‘एकाच पत्तीचा रेझर वापरून बघा, आणि त्वचा शांत होईपर्यंत उलटा हात, म्हणजे केसांच्या दिशेविरुद्ध, अजिबात मारू नका,’ असं त्यांनी सांगितलं.

साधनांच्या निवडीत मी फार वेळ घालवला नाही. नव्याने सुरू करणाऱ्यानेही घालवू नये, असं माझं ठाम मत आहे. साधा तीन भागांचा, धार फारशी बाहेर न डोकावणारा रेझर घ्यावा. असे रेझर आणि पत्त्या विकणारी कंपनी किंग कॅम्प जिलेट यांनी १९०१ मध्ये काढली. विक्रीच्या पहिल्या वर्षी, १९०३ मध्ये, त्यांचे अवघे ५१ रेझर आणि १६८ पत्त्या खपल्या. पुढच्या वर्षी रेझरचा आकडा नव्वद हजारांवर गेला. त्या पत्तीचा आकार १९३० च्या सुमारास जो ठरला तो आजही टिकून आहे. त्यामुळे जर्मन रेझरमध्ये जपानी पत्ती बसते आणि आजोबांच्या रेझरमध्ये किराणा दुकानातली टोपाझ किंवा सुपरमॅक्सही बसते. जपानची फेदर नावाची पत्ती फार धारदार. हात बसेपर्यंत ती मी लांब ठेवली.

माझी खरी अडचण फेसाची होती. मी पुण्याच्या पूर्वेला, वाघोलीत राहतो. सोसायटीत बोअरचं आणि टँकरचं पाणी. चांगला साबण, चांगला ब्रश, मनगट दुखेपर्यंत घोटणं, सगळं करूनही फेस बसायचाच. गालावर लावेपर्यंत त्याचे बुडबुडे फुटायचे आणि वाटीच्या कडेला चिकट पांढरा थर राहायचा. अशा वेळी माणूस आधी साबण बदलतो, मग ब्रश. त्याआधी एक सोपा प्रयोग करून बघावा असं मी आग्रहाने सांगेन. दोन बाटल्या घेतल्या. एकीत नळाचं पाणी, दुसरीत आरओचं. दोन्हींत दाढीच्या साबणाचा सारखाच कीस टाकला आणि जोरात हलवल्या. आरओच्या बाटलीत गळ्यापर्यंत घट्ट फेस आला. नळाच्या बाटलीत पाणी नुसतं गढूळ झालं आणि वर पांढरी साय तरंगू लागली.

शाळेत आपण ज्याला दुष्फेन, म्हणजे जड, पाणी म्हणून शिकलो, ते हेच. दख्खनच्या काळ्या पाषाणातून झिरपताना भूजलात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळतं. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्लाचे क्षार भरपूर असतात. कॅल्शियमशी गाठ पडली की त्यांचा न विरघळणारा साका होतो आणि तेवढा साबण वाया जातो. गिझरच्या कॉइलवर पांढरे थर चढत असतील तर तुमच्याकडेही हेच चाललं असणार. उपाय स्वस्त आहे. ब्रश भिजवायला आणि फेस करायला आरओचं एक पेलाभर पाणी पुरतं. चेहरा आणि रेझर नळाखाली धुतले तरी चालतात. आरओ नसेल तर पाणी चांगलं उकळून, निवू देऊन वरचं घ्यावं, जडपणा बराच कमी होतो. आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी मात्र यासाठी घेऊ नका, काढलेले क्षार त्यातच एकवटलेले असतात.

पाणी बदललं आणि त्याच साबणाचा त्याच ब्रशने फेस झाला. डुकराच्या केसांचा ब्रश आधी काही मिनिटं भिजवावा लागतो, नाहीतर तो राठ राहतो आणि फेस करतानाच पाणी पिऊन टाकतो. भिजला की झटकायचा, साबणावर अर्धा मिनिट गोल फिरवायचा आणि वाटीत थेंब थेंब पाणी घालत घोटायचं. घोटलेल्या दह्यासारखी तकाकी आली, मोठा बुडबुडा एकही राहिला नाही, की झालं. चिमटीत धरून बघावा, बोटं सुळकन घसरली पाहिजेत. पत्तीला खरा आधार या घसरणीचा. नुसता फुगलेला फेस दिसायला छान, पण त्वचेला काही उपयोगाचा नाही. फेस लावण्याआधी केसांना कोमट पाण्यात भिजायला दोन-तीन मिनिटं मिळालीच पाहिजेत. भिजलेला केस कापायला खूपच कमी जोर लागतो.

दुसरा धडा सलूनमध्ये मिळाला. तिथले काका वस्तऱ्यात हीच पत्ती अर्धी मोडून घालतात, त्यामुळे त्यांना विचारावंसं वाटलं. त्यांनी माझ्या गळ्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, ‘साहेब, गालावर तुमचे केस खाली जातात, पण गळ्यावर उजवीकडे आडवे आहेत. डावीकडे भोवरा आहे. तुम्ही सरसकट वरून खाली ओढता, तिथे तो उलटाच हात होतो.’ घरी दोन दिवस दाढी वाढवून बोटाने तपासलं. हात ज्या दिशेला गुळगुळीत जातो ती केसांची दिशा. कागदावर चेहरा काढून त्यावर बाण काढले आणि आरशाशेजारी चिकटवले.

रेझर धरण्याबद्दल थोडंच सांगण्यासारखं आहे. रेझरचं डोकं गालाला सपाट टेकवायचं आणि दांडी हळूहळू खाली आणायची. पत्ती केसाला लागल्याचा बारीक आवाज आला की तो कोन बरोबर, साधारण तीस अंशांचा. दाब द्यायचाच नाही, रेझरचं वजन पुरतं. बोटभर लांबीचे हात, दुसऱ्या हाताने कातडी हलकी ताणलेली. एकदा केसांच्या दिशेने, पुन्हा फेस लावून एकदा आडवं. थंड पाणी, मग तुरटीचा ओला खडा. तुरटी जिथे झोंबते तिथे त्या दिवशी दाब जास्त पडलेला असतो, म्हणून मी ती रोज फिरवतो.

काही आठवड्यांत पुळ्या गेल्या. गालावर आता क्वचित उलटा हात मारतो, गळ्यावरच्या भोवऱ्यावर कधीच नाही. तिथे खुंट थोडे हाताला लागले तरी मला चालतात.

पत्ती चार-पाच दाढ्यांनंतर बदलतो. तिची किंमत काही रुपये, ताणून वापरण्यात अर्थ नाही. पण जुनी पत्ती कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकणं मला मान्य नाही, कारण तो कचरा पुढे कोणीतरी हाताने वेगळा करणार असतं. पत्र्याच्या एका डब्याच्या झाकणाला चीर पाडून घेतली आहे, पत्त्या तिच्यातून आत जातात. डबा भरायला काही वर्षं लागतील. भरला की चीर चिकटपट्टीने बंद करून, वर मोठ्या अक्षरांत ‘धारदार पत्त्या’ लिहून, कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना तो वेगळा, सांगून द्यायचा.