थर्ड मेटची पहिली बोट: जहाजाचा प्रकार नको, ट्रेड विचारा

सेकंड मेट एफजीचं (फॉरेन-गोइंग) तिकीट, म्हणजे थर्ड मेट या कनिष्ठ डेक अधिकाऱ्याच्या जागेसाठीचा परवाना, हातात आलेल्या अनेक मुला-मुलींचा पहिला प्रश्न असतो: "आखात ते चीन असा तोच तोच रन नको, काहीतरी वेगळं हवंय. एक्सपिडिशन क्रूझ, केबल शिप, अंटार्क्टिका असं काही मिळेल का?" इच्छा चांगली आहे आणि ती जपावी. पण बहुतेक जण शोधाला चुकीच्या टोकाने सुरुवात करतात. ते जहाजाचा प्रकार शोधतात. खास प्रकारच्या जहाजांना त्याच प्रकारचा अनुभव असलेला अधिकारी हवा असतो आणि तो अनुभव नव्या थर्ड मेटकडे नसतो. मग सहा महिने क्रूइंग ऑफिसांच्या (जहाजांवर भरती करणाऱ्या कचेऱ्यांच्या) पायऱ्या झिजवण्यात जातात.

त्यापेक्षा ट्रेड शोधा, म्हणजे बोट कुठला माल घेऊन कुठल्या मार्गावर फिरते ते. स्वतःच्या क्रेन असलेली 30-35 हजार टनांची हँडीसाइज बल्क कॅरियर (सुटा माल वाहणारी बोट) कागदावर अगदी साधी बोट दिसते. पण व्हीएलसीसीला, म्हणजे महाकाय तेलवाहू जहाजाला, 20 मीटरच्या वर पाणी लागतं, म्हणून तिला जगात मोजकीच बंदरं चालतात. ही बोट मात्र नदीत शिरते, धक्का नसलेल्या ठिकाणी बार्जमध्ये माल उतरवते, बर्फाच्या कडेपर्यंत जाते. शिवाय अशा बोटी पुष्कळ आहेत, आणि प्रत्येकीवर थर्ड मेटची जागा असते. इंटरव्ह्यूत "कोणत्या टाइपचं जहाज आहे?" एवढ्यावर थांबू नका. "या बोटीचे शेवटचे तीन फेरे कुठले होते आणि पुढचं चार्टर (भाडेकरार) कुठलं?" हे विचारा. चांगल्या ऑफिसातला माणूस हे सांगतो. पुढचं चार्टर त्यालाही नेहमी ठाऊक नसतं, पण मागचे फेरे ठाऊक असतातच.

माझ्या मते नव्या अधिकाऱ्यासाठी सगळ्यात सुंदर ट्रेड ग्रेट लेक्सचा. अटलांटिकवरून सेंट लॉरेन्स नदीत शिरायचं आणि मॉन्ट्रियलपासून ईरी सरोवरापर्यंत 15 लॉक (पाण्याची पातळी बदलून बोट वर-खाली नेणारे बंदिस्त हौद) चढायचे: 7 नदीवर, 8 वेलँड कालव्यात. सुपीरियर सरोवरात जायचं असेल तर सू (सॉल्ट सेंट मेरी) इथला आणखी एक. ड्युलुथला पोहोचता तेव्हा बोट समुद्रसपाटीपासून सुमारे 183 मीटर उंच तरंगत असते. या जलमार्गात, म्हणजे सीवेत, जास्तीत जास्त 225.5 मीटर लांब आणि 23.77 मीटर रुंद जहाज चालतं, आणि लॉकची रुंदी आहे 24.38 मीटर. म्हणजे पूर्ण रुंदीच्या बोटीला प्रत्येक बाजूला जेमतेम 30 सेंटिमीटर उरतात. लॉकच्या अप्रोच वॉलवर काही वेळा आपल्याच माणसांना लँडिंग बूमवरून (बोटीबाहेर झुलणाऱ्या दांड्यावरून) धक्क्यावर उतरवावं लागतं. बूमची दोरी, सीट, लाइफजॅकेट आधी तपासलेलं नसेल तर माणूस बोट आणि भिंत यांच्या मध्ये सापडतो. हंगाम साधारण मार्चअखेरपासून डिसेंबरअखेरपर्यंत चालतो.

इथे नेमकं काय बिघडतं, तर झोप. लॉकमागून लॉक येत राहतात, स्टेशन्स (बोट बांधायला-सोडायला डेकवर हजर राहणं) संपत नाहीत. कायद्याने 24 तासांत किमान 10 तास आणि 7 दिवसांत किमान 77 तास विश्रांती हवी. रोजची विश्रांती फार तर दोन तुकड्यांत घ्यायची, त्यातला एक किमान 6 तासांचा. हिशेब जमत नसेल तर चीफ मेटला आधी सांगा आणि रेस्ट अवर्सच्या तक्त्यात खरेच तास लिहा. पोर्ट स्टेट इन्स्पेक्टर (बंदराच्या देशाचा तपासनीस) तक्ता आणि लॉकच्या वेळा शेजारी ठेवून बघतो.

सीवेत शिरण्यापूर्वी बॅलास्टच्या (तोलासाठी भरलेल्या पाण्याच्या) टाक्या खाऱ्या पाण्याने धुतलेल्या असाव्या लागतात, क्षारता हजारी 30 भागांच्या खाली चालत नाही. रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजायचं उपकरण) घेऊन नमुने तपासायचं काम पुष्कळदा ज्युनिअर अधिकाऱ्यावर येतं. टाकीच्या तळाशी उरलेल्या चिखलाचं पाणीही त्यात मोजलं जातं, हे विसरू नका.

याच पट्ट्यातल्या काही बोटी उन्हाळ्यात आणखी वर जातात. कॅनडात बॅफिन बेटाच्या उत्तर भागात, साधारण 72 अंश उत्तरेवर, मिल्न इनलेट आहे. तिथून लोहखनिज भरून बल्क कॅरियर युरोपला जातात. आर्क्टिक बघायला क्रूझ शिपच हवी असं नाही, ते असं.

पोलर कोड, म्हणजे ध्रुवीय पाण्यातल्या जहाजांसाठीचे आंतरराष्ट्रीय नियम, 1 जानेवारी 2017 पासून लागू आहे. बर्फाच्या प्रमाणानुसार वॉचकीपिंग (ब्रिजवर पाळी करणाऱ्या) अधिकाऱ्याला एसटीसीडब्ल्यूचं (खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय कराराचं) पोलर बेसिक सर्टिफिकेट लागतं: टँकर आणि प्रवासी जहाजांवर ओपन वॉटर्समध्येसुद्धा (तुरळक बर्फाच्या पाण्यात), इतर जहाजांवर त्याहून जास्त बर्फ असेल तेव्हा. हा कोर्स आधीच केलेला असेल तर अशा ट्रेडवर नाव पुढे सरकतं. ॲडव्हान्स्डच्या मागे आता लागू नका, ते मास्टर आणि चीफ मेटसाठी आहे आणि त्याला ध्रुवीय पाण्यातली किमान दोन महिन्यांची सेवा लागते.

तिथे ब्रिजवर काय बदलतं? चुंबकीय ध्रुव जवळ असल्याने मॅग्नेटिक कंपास सुस्तावतो. जायरोचं (फिरत्या चक्रावर चालणाऱ्या कंपासचं) उत्तरेकडे ओढणारं बळ अक्षांशाच्या कोसाइनने घटतं, म्हणजे 72 अंशांवर विषुववृत्ताच्या तुलनेत जेमतेम 31 टक्के उरतं. एकदा जायरो ढळला की स्थिरावायला वेळ घेतो, म्हणून जीपीएस कंपासशी तुलना प्रत्येक वॉचमध्ये करायचीच. हिमनग रडारवर दिसतो. त्यातून तुटलेला, पाण्याशी समतल असलेला तुकडा लाटांच्या क्लटरमध्ये (रडारवरच्या ठिपक्यांच्या गर्दीत) हरवतो, आणि बोट फाडायला तोच पुरतो. तिथे दुर्बीण आणि कमी वेग हेच उपाय.

न्यूझीलंडहून चीनला लाकडाचे ओंडके नेणाऱ्या बोटींवर धोका वेगळा असतो. होल्डमध्ये (मालाच्या कोठारात) ओंडके, वर डेकवर स्टँचियन्सच्या (उभ्या खांबांच्या) मध्ये आणखी ओंडके. ते पाणी पितात, जड होतात, आणि फेऱ्यात तळाच्या टाक्यांतलं इंधन कमी होत जातं. दोन्हीमुळे जीएम (बोटीच्या स्थिरतेचं माप) घटतो. लॅशिंग (ओंडक्यांची बांधणी) पहिल्या दिवसांत सैल पडतं, कारण ढीग बसतो. ते पुन्हा पुन्हा ताणावं लागतं, आणि ओल्या ओंडक्यांवर चालायला खिळ्यांचे बूट लागतात. सगळ्यात जपायचं ते होल्डमध्ये उतरताना. लाकूड हवेतला ऑक्सिजन शोषतं, आणि होल्डचा शिडीचा ट्रंकसुद्धा (उतरायचा बंदिस्त मार्ग) जीव घेतो. हॅच उघडी दिसली म्हणून हवा चांगली असं कधीच धरू नका. फॉस्फिनचं फ्युमिगेशन (किडीसाठी विषारी धुरी) चालू असेल तर केबिन्स आणि इंजिन रूममध्ये निदान दर आठ तासांनी गॅस मोजायचा. ते मीटर आपल्याला वापरता येतं का, त्याचं कॅलिब्रेशन कधी झालं, हे बंदर सोडण्याआधी बघा.

ॲमेझॉनमध्ये सोयाबीनसाठी सांतारें, इताकोआतियारापर्यंत समुद्रातली जहाजं जातात. नदीत पायलट असतो, पण वॉच तुमचीच. त्यासाठी पिवळ्या तापाची लस प्रवासाआधी किमान 10 दिवस घेतलेली हवी. मुंबईत ती पोर्ट हेल्थ ऑर्गनायझेशनकडे मिळते आणि दाखला आयुष्यभर चालतो. तो नसताना साथीच्या देशातून भारतात परतलात तर 6 दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये बसावं लागतं.

या सगळ्या ट्रेड्समध्ये थर्ड मेटचं खरं काम मात्र तेच असतं: आठ-ते-बारा वॉच आणि जीवरक्षक व अग्निशमन साधनं. दूरच्या ट्रेडवर हे काम कितीतरी कठीण होतं, कारण सुटा भाग मिळत नाही. लाइफराफ्टची सर्व्हिस दर 12 महिन्यांनी, डिस्पोजेबल हायड्रोस्टॅटिक रिलीज (बोट बुडाल्यास पाण्याच्या दाबाने राफ्ट सोडणारा) दर दोन वर्षांनी, शिवाय ईपर्बची (संकटाचा संदेश पाठवणाऱ्या बीकनची) बॅटरी आणि पायरोटेक्निक्सच्या (संकटसूचक दारूकामाच्या) तारखा. एकही तारीख आर्क्टिकच्या किंवा ॲमेझॉनच्या फेऱ्यात संपत असेल तर मागणी दोन बंदरं आधी द्या. लाइफबोट दर तीन महिन्यांतून एकदा पाण्यात उतरवून चालवावी लागते. नियमाप्रमाणे तिचं इंजिन उणे 15 अंशांत दोन मिनिटांच्या आत सुरू व्हायला हवं. प्रत्यक्षात जुनी बॅटरी आणि उन्हाळी डिझेल यामुळे ते होत नाही, कारण डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर तुंबतो. बोटीच्या टाकीत थंडीचं डिझेल भरून घ्या. डेकवरची फायर लाइन पूर्ण रिकामी करून ड्रेन उघडे ठेवा, नाहीतर पाणी गोठून व्हॉल्व्ह फुटतात आणि ते वितळल्यावरच कळतं. इमर्शन सूटची (थंड पाण्यात जीव वाचवणाऱ्या पोशाखाची) चेन मेण लावून ओढून बघा. पोलर कोड किमान पाच दिवस तग धरण्याची तयारी मागतो, तेव्हा सूटची संख्या आणि मापं दोन्ही जुळली पाहिजेत.

आता खास जहाजांबद्दल थोडं. डीपीचं (डायनॅमिक पोझिशनिंग, म्हणजे संगणकाने थ्रस्टर चालवून बोट एका जागी धरणं) आकर्षण मोठं आहे आणि फसगतही तिथेच होते. नॉटिकल इन्स्टिट्यूटच्या पद्धतीत आधी इंडक्शन कोर्स, मग 60 डीपी दिवस, मग सिम्युलेटर कोर्स, मग पुन्हा 60 दिवस. इंडक्शन करून लॉगबुक हातात येतं, पण 60 दिवस भरायला ट्रेनीची जागा लागते आणि ती कोणी सहज देत नाही. जागेचं लेखी आश्वासन नसताना कोर्सवर पैसे घालू नका.

मुंबई हाय किनाऱ्यापासून सुमारे 160 किलोमीटरवर आहे आणि तिथल्या सप्लाय बोटींवर पावसाळ्यात शिकायला मिळतं तसं क्वचितच कुठे मिळतं. प्लॅटफॉर्मच्या 500 मीटर क्षेत्रात शिरण्याआधी चेकलिस्ट पूर्ण करायची, बाहेरच बोट स्थिर धरून वारा आणि प्रवाह कुठे ढकलतात ते बघायचं, आणि जमेल तेव्हा अशा बाजूला काम करायचं जिथे यंत्र बंद पडलं तर बोट प्लॅटफॉर्मपासून दूर वाहत जाईल. जिथून बोट प्लॅटफॉर्मवरच वाहत जाईल ती बाजू क्रेनवाल्याला सोयीची पडते म्हणून बरेचदा मागितली जाते. नाही म्हणायचा अधिकार मास्टरचा आहे, पण वाऱ्याने दिशा बदलली हे आधी तुमच्या लक्षात यायला हवं.

संशोधन जहाजं आपल्या दारात आहेत आणि आपल्याकडची मुलं तिकडे बघतही नाहीत. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची सिंधु साधना, चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेची सागर निधी. वास्कोचं ध्रुवीय संशोधन केंद्र अंटार्क्टिकाच्या मोहिमा चालवतं. पहिली मोहीम डिसेंबर 1981 मध्ये गोव्याहूनच निघाली होती. मैत्री आणि भारती या तिथल्या भारतीय केंद्रांना सामान नेणारं जहाज मात्र भाड्याने घेतलेलं परदेशी असतं, त्यामुळे तिथल्या ब्रिजवर जागेची आशा धरू नका. आपल्या संशोधन जहाजांचं मॅनिंग ज्या कंपनीकडे असेल तिच्याकडे अर्ज करावा लागतो, संस्थेकडे नाही. हे टेंडरवर बदलतं, म्हणून सध्या कोणाकडे आहे ते आधी शोधा. तिथे स्टेशनवर तासन्‌तास थांबून तारेवर उपकरण सोडलेलं असतं. बोट वाऱ्याने फिरली आणि तार प्रोपेलरखाली गेली तर सगळी मोहीम थांबते.

सही करण्यापूर्वी सीटाइमचा (पुढच्या परीक्षेसाठी धरल्या जाणाऱ्या समुद्रसेवेचा) प्रश्न सोडवा. एसटीसीडब्ल्यूप्रमाणे चीफ मेटसाठी वॉचकीपिंग अधिकारी म्हणून निदान 12 महिने लागतात, आणि डीजी शिपिंगच्या (केंद्राच्या नौवहन महासंचालनालयाच्या) अटी त्यावर वेगळ्या आहेत. 500 ग्रॉस टनांखालची बोट, किनारी सेवा, दिवसेंदिवस एका जागी उभं राहणारं जहाज, यांतलं काय आणि किती एफजीसाठी धरलं जाईल हे एमएमडीकडून (डीजीच्या मर्कंटाइल मरीन विभागाकडून) लेखी घ्या. एजंटचं "सगळं काउंट होतं" हे उत्तर नव्हे. ज्यांना कंपनीने स्पॉन्सर केलं आहे त्यांनी आधी स्वतःचा करारही वाचावा.

व्हिसा हा दुर्लक्षित मुद्दा. लेक्सच्या बोटींवर अमेरिकेचा सी-वन-डी हा खलाशांचा व्हिसा लागतो, आणि बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीत मुलाखतीची तारीख मिळेपर्यंत जागा निघून जाते. ऑस्ट्रेलियाचा मेरिटाइम क्रू व्हिसा ऑनलाइन आणि विनाशुल्क आहे, तो आजच काढून ठेवा. एक्डिसचा (इलेक्ट्रॉनिक नकाशाच्या यंत्रणेचा) टाइप-स्पेसिफिक कोर्स बोट ठरल्यावर, तिच्यावर जो मेक असेल त्याचाच करा.

कंपनीकडे आरपीएसएल (खलाशी भरतीचा) परवाना आहे का, तो आज वैध आहे का, हे डीजीच्या यादीत स्वतः बघा. नोकरीसाठी खलाशाकडून पैसे घेणं बेकायदा आहे. मेडिकल, पासपोर्ट, सीडीसी (खलाशाची सेवापुस्तिका) एवढेच खर्च तुमचे, व्हिसाचा खर्च मालकाचा. "साहसी रूट, लगेच जॉइनिंग, दीड लाख" असं ऐकलं की उठून या. मग बोटीचा आयएमओ नंबर मागा आणि इक्वासिस या जहाजांच्या माहितीच्या वेबसाइटवर टाका: क्लास (तपासणी संस्था) कुठला, पी अँड आय (विमा) कोण, डिटेन्शन (बंदरात अडवणूक) किती, मालक किती वेळा बदलले. झेंडा खोटा आहे का ते आयएमओच्या (आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या) जिसिस या माहितीसाठ्यावर दिसतं. नंबर द्यायला कां-कूं करणाऱ्या ऑफिसात दुसऱ्यांदा जाऊ नका. 2024 मध्ये मालकांनी वाऱ्यावर सोडलेल्या खलाशांत भारतीयांची संख्या सर्वाधिक होती. अशा वेळी उपयोगी पडतं ते एमएलसीचं (खलाशांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचं) आर्थिक हमीचं प्रमाणपत्र, ज्यातून थकलेल्या पगारापैकी चार महिन्यांपर्यंतचा पगार आणि परतीचा खर्च मिळतो. ते बोटीवर सर्वांना दिसेल असं लावलेलं असलं पाहिजे. साइन ऑन झाल्यावर त्याचा फोटो काढून घरी पाठवा, करारनाम्याच्या प्रतीसोबत.